दोघेही कमी उंचीचे असाल तर आधी प्रत्येकाचे नेमके निदान करून घ्या

आपण दोघेही कमी उंचीचे असल्याने डॉक्टरांनी नुसते पाहूनच ‘चारातले एक मूल जगत नाही, या फंदात पडू नका’ असे सांगितल्याचे आपण लिहिले आहे. आम्हालाही हेच ऐकवले गेले होते, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवूनच वाचावे.

हा धोका खरा आहे, पण तो दोघांनाही अकॉन्ड्रोप्लेशिया (हाडांची वाढ नीट न होऊन उंची कमी राहण्याचा एक जनुकीय विकार) असेल तेव्हाचा. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भधारणेत बाळ सामान्य उंचीचे होण्याची शक्यता २५ टक्के आणि आईवडिलांसारखे होण्याची ५० टक्के असते. उरलेल्या २५ टक्क्यांत या विकाराला कारण असलेल्या एफजीएफआर३ जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतात आणि असे बाळ बहुधा मृत जन्मते किंवा लवकरच दगावते.

मला अकॉन्ड्रोप्लेशिया आहे. यजमानांना मात्र स्यूडोअकॉन्ड्रोप्लेशिया, म्हणजे उंची कमी ठेवणाराच पण वेगळा विकार, ज्याचे जनुकच निराळे. ते जन्मले तेव्हा इतर बाळांसारखेच होते. चालायला लागल्यावर पावले डुलत पडू लागली आणि दोन वर्षांच्या सुमारास वाढ मागे पडली. एवढा एक प्रश्न कोणी विचारला असता, तरी शंका आली असती. आम्ही ज्या वंध्यत्व केंद्रात गेलो, त्याने आम्हा दोघांच्या केसपेपरवर ‘अकॉन्ड्रोप्लेशिया’ असा एकच शेरा मारला, शुक्राणूंपासून गर्भनलिकांपर्यंत सगळ्या तपासण्या करवल्या (दिवस राहण्यात आम्हाला अडचण होती कुठे?), आणि जनुकीय तपासणीचे नावही काढले नाही. माझ्या पाळीविषयीचे प्रश्नसुद्धा माझ्या सासूबाईंना विचारले जात. त्या एका शेऱ्यापायी आमची उमेदीची वर्षे गेली. आमच्या बाबतीत चार शक्यता होत्या: दोष नसणे, माझा एकटा, त्यांचा एकटा, किंवा दोन्ही एकत्र. शेवटची गंभीर असू शकते. पण ती वरच्या २५ टक्क्यांसारखी नव्हे.

तेव्हा आधी दोघांची जनुकीय तपासणी करून लेखी अहवाल घ्यावा. तो हाती असेल तरच टेस्ट ट्यूब पद्धतीत भ्रूण निवडणे, किंवा ११ ते १४ आठवड्यांत वारेचा नमुना अथवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल तपासणे, यांतून नेमके उत्तर मिळते. केवळ सोनोग्राफीवर विसंबू नये; अकॉन्ड्रोप्लेशियात मांडीच्या हाडाची वाढ मागे पडल्याचे बऱ्याचदा २४ आठवड्यांच्या आसपास दिसते. आपल्यासारखेच मूल झाले तर काय बिघडले, असे माझे मत आहे. ते सर्वांना पटावे असा आग्रह नाही.

आणखी एक, विषयाला धरूनच. आपल्याला स्वतःला अकॉन्ड्रोप्लेशिया असेल, तर कटिभाग अरुंद असल्याने प्रसूती बहुधा सिझेरियननेच होईल. मणक्यातील पोकळीही अरुंद असते, त्यामुळे कमरेतून दिलेली भूल कुठवर चढेल याचा अंदाज बांधणे अवघड जाते. पूर्ण भूल द्यायची तर मानेची काळजी घ्यावी लागते. म्हणून भूलतज्ज्ञांची भेट शस्त्रक्रियेच्या सकाळी नव्हे, तर सहाव्या महिन्याच्या आतच मागावी, आणि मणक्याचे जुने एमआरआय असतील तर सोबत न्यावेत.