सुटकेची तारीख तोंडी सांगू नकोस

नाशिक, गुरुवार रात्र

पोरी,

काल नाशिकरोड जेलच्या फाटकाबाहेर त्या म्हातारीला तू म्हणालीस, "आजी, माफी धरली तर दिवाळीला घरीच येतो बघा तुमचा." मी तेव्हा गप्प बसलो. ज्युनिअरला चारचौघांत टोकायची मला सवय नाही. पण ती बाई रिक्षात बसेपर्यंत तुझ्याकडे वळून वळून बघत होती, ते काही डोक्यातून जाईना.

तुझं गणित मला कळलं. शिक्षेतून माफीचे दिवस वजा केले, उरलं ते उत्तर. माफी म्हणजे शिक्षेच्या दिवसांतली सूट. ती चांगल्या वागणुकीची मिळते, नेमून दिलेल्या कामाची मिळते, विशेष कामगिरीची मिळते, कधी सरकार जाहीर करतं. आपल्याकडे ती १९६२ च्या नियमांनी चालते. गणपतीआधी नाशिकरोडच्या कैद्यांनी घडवलेल्या मूर्ती विक्रीला येतात, त्या बघितल्यास ना? ते कामही माफीच्या हिशोबात येतं. पण मिळालेली माफी जाऊही शकते. बॅरकीत मोबाइल सापडला, मारामारी झाली, फर्लोवरून, म्हणजे कैद्याला मिळणाऱ्या ठरावीक रजेवरून, उशिरा परतला, की माफी कापतात. त्या आजींचा मुलगा फर्लोवर गेला होता का, वेळेत परतला का, हे तू विचारलंस?

मीही हे करून बसलोय. वकिलीचं चौथं वर्ष होतं. सिन्नरकडचा एक जण, बापाच्या आजारपणात पॅरोलवर, म्हणजे अडचणीपुरत्या तात्पुरत्या सुटकेवर, जाऊन आलेला. मी ते दिवस शिक्षेत धरले. फर्लोचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे धरत नाहीत. घरच्यांच्या लेखी मात्र दोन्ही सुट्टीच, आणि तेव्हा माझ्याही लेखी. मी सांगितलेल्या दिवशी त्याची बायको दोन पोरं आणि नवा शर्ट घेऊन सकाळपासून फाटकाशी उभी. संध्याकाळच्या एसटीनं तशीच परत गेली. तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. उलट तिनंच विचारलं, "वकीलसाहेब, आमचंच काही चुकलं का?"

जन्मठेपेत तर तारीख सांगण्याच्या भानगडीत पडूच नकोस. या विषयातला एक मोठा जुना धडा आपल्याच नाशिकरोडचा आहे, तरी इथल्या निम्म्या वकिलांना तो ठाऊक नसतो. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेला गोपाळ गोडसे १९५० साली पंजाबातून इथे आणला गेला. पुढे त्याने सुप्रीम कोर्टात म्हटलं, भोगलेली वर्षं आणि मिळवलेली माफी मिळून वीस वर्षांच्या वर जातात, आता सोडा. जानेवारी १९६१ मध्ये कोर्टाने अर्ज फेटाळला. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, वीस वर्षं हा आकडा फक्त हिशोबापुरता, आणि सरकारने उरलेली शिक्षा माफ केल्याशिवाय माफीच्या बेरजेने कोणी आपोआप सुटत नाही. माणूस कोण होता ते बाजूला ठेव. "चौदा वर्षांनी सुटतोच" म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल लागू आहे. चौदा हा आकडा आला कुठून? फाशीही होऊ शकली असती अशा गुन्ह्यात जन्मठेप लागली, तर माफी न धरता निदान चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढावीच लागतात. तिथून पुढे सरकारचं धोरण. १९९२ चं वेगळं, २०१० चं वेगळं, म्हणून शिक्षा कधी लागली ते आधी बघायचं.

कच्च्या कैद्याचं, म्हणजे ज्याचा निकाल अजून लागायचाय त्याचं, थोडक्यात: त्याला माफी नाही. निकालाआधी आत काढलेले दिवस पुढे शिक्षेतून वजा होतात, ती वजावट; जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम ४२८, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४६८. आणि केस अमली पदार्थांची असेल तर माफीचा विषय काढण्याआधी त्या कायद्याचं ३२-अ कलम वाच. तिथे दार जवळपास बंदच आहे.

हे सगळं आजींना सांगत बसू नकोस. त्यांच्या मुलाची शिक्षा पाच वर्षांची, साधी केस आहे. कदाचित दिवाळीला येईलही. पण तुझ्याकडे निकालाची प्रत आहे आणि त्याचं तोंडी बोलणं आहे, बाकी काही नाही. जेलच्या अधीक्षकांच्या नावे अर्ज कर: भोगलेले दिवस किती, वजावट किती, माफी किती मिळाली, किती कापली, दंड भरलाय का. दंडाचं तर आपण दोघंही विसरलो होतो! तो भरला नसेल तर त्यापोटीची शिक्षा वेगळी भोगावी लागते, आणि मग दिवाळी कसली, संक्रांतही जाईल.

लेखी उत्तर आलं की ते घेऊन आजींकडे जाऊ. तोवर उद्याच त्यांना फोन कर आणि सांग, तारीख मी घाईत बोलले, अजून कळलेली नाही. अवघड जाईल, पण फोन तूच कर. माझ्याकडून करवून घेऊ नकोस.

अर्जाचा कच्चा मसुदा घेऊन सोमवारी साडेनऊला जुन्या सीबीएस बसस्थानकावर ये. चहा घेऊन तिथूनच कोर्टात जाऊ.

तुझा,
काका