मोसंबीच्या मोठ्या झाडाला पाणी खोडाशी द्यावे की लांब?

लांब द्या. दुपारी १२ वाजता झाडाची सावली जिथे संपते, त्या कडेला. पाणी शोषतात त्या बारीक तंतुमुळ्या; त्या बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत आणि फांद्यांच्या घेराखाली पसरलेल्या असतात. बुंध्याजवळची जाड मुळे झाडाला आधार देतात, पाणी फारसे ओढत नाहीत. शिवाय खोड सतत ओले राहिले की बुरशी शिरते आणि डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागतो. म्हणूनच कृषी विद्यापीठे मोसंबीला दुहेरी आळे करायला सांगतात: आतले आळे कोरडे, पाणी बाहेरच्या आळ्यात. ठिबक असेल तर ड्रिपर त्याच कडेला, झाडाच्या सगळ्या बाजूंना बसवा. एकाच बाजूला ओल ठेवली तर मुळेही तिकडेच वाढतात.

जालना-बीडसारख्या कोरड्या भागात आळ्यात पाचटाचे किंवा भुशाचे आच्छादन कराच, नाहीतर उन्हाळ्यात वरच्या थरातली ओल उडून जाते आणि नेमक्या याच मुळ्या सुकतात.

पहिल्या एक-दोन वर्षांच्या रोपांना मात्र हे लागू नाही. त्यांची मुळे पसरलेली नसतात, त्यामुळे पाणी जवळ द्यायचे, फक्त खोडाला थेट लागू द्यायचे नाही. झाड वाढेल तसे ड्रिपर दरवर्षी बाहेर सरकवा. बऱ्याच बागांत नेमके हेच राहून जाते.