उत्तर: आधी तो बागेचा फोटो काढून टाका

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं आणि पोटात गोळाही आला. जपानातल्या मितोचे दाइम्यो (सरंजामदार) तोकुगावा मित्सुकुनी यांच्यावर एम.ए.चा प्रबंध, आणि 'त्यांच्या कोराकुएनच्या धर्तीवरची बाग' म्हणून पुण्याच्या पु. ल. देशपांडे उद्यानाचा फोटो चालेल का, म्हणता! नेमकं हेच मी केलं होतं.

पुण्यातली बाग ओकायामाच्या कोराकुएनवरून घेतलेली. ती इकेदा घराण्याची. त्याच घराण्यातल्या त्सुनामासांनी १७०० मध्ये पुरी केली, आणि 'कोराकुएन' हे नाव तिला १८७१ मध्ये मिळालं. मित्सुकुनींची ती तोक्योतली, कोइशिकावा कोराकुएन. वडील योरिफुसांनी १६२९ मध्ये सुरू केलेली. नाव सुचवलं झू शुन्श्वेइंनी, म्हणजे मित्सुकुनींनी १६६५ मध्ये नागासाकीहून बोलावून घेतलेल्या चिनी पंडितांनी. दोन्ही नावांचं मूळ एकच चिनी वचन: चिंता सगळ्यांच्या आधी, सुख सगळ्यांच्या नंतर.

मला शंका आली नव्हती असं नाही. एका संस्थेच्या माहिती कक्षात विचारलं. बाईंनी मान वर न करता सांगितलं, "कोराकुएन एकच आहे हो." लेखी द्या म्हटलं तर अर्ज करा, अर्ज केला तर साहेब रजेवर. तीन खेपा घातल्या, कंटाळले, तसंच ठोकून दिलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. प्रबंध दुरुस्तीला परत, सहा महिने पाण्यात. सही माझी होती, त्यामुळे त्या बाईंना काय बोलणार? (बोलले. मनात.)

मी इतिहासकार नाही, जपानी शिकवते. तुमच्या मार्गदर्शकांना पटत नसेल तर त्यांचं ऐका. पण मला विचाराल तर बाग कमी करा आणि वारसाहक्कावर लिहा. थोरले भाऊ योरिशिगे असताना गादी मित्सुकुनींकडे आली. पुढे तरुणपणी त्यांनी बो यी आणि शू चीची चिनी कथा वाचली: दोघे भाऊ, दोघेही राज्य नाकारणारे. ती त्यांना इतकी लागली की १६९० मध्ये पायउतार होताना त्यांनी मितो स्वतःच्या मुलाला न देता योरिशिगेंच्या मुलाला, त्सुनाएदांना दिलं. कन्फ्यूशियसच्या विचारांचा आश्रयदाता म्हणून पंडित पोसणारे पुष्कळ. हे मला जास्त मोठं वाटतं. १६५७ मध्ये त्यांनी सुरू केलेला 'दाइ निहोनशि' हा इतिहास १९०६ मध्ये पुरा झाला, त्यालाही एक प्रकरण द्याच.

आता तुमचा दुसरा प्रश्न: मित्सुकुनींचं मृत्यूसाल १७०० की १७०१? गेन्रोकु या जपानी कालखंडाचं १३ वं वर्ष, बारावा महिना, सहावा दिवस, म्हणजे १४ जानेवारी १७०१. गेन्रोकु १३ दिसलं की लोक, त्या वर्षाचा शेवट १७०१ मध्ये गेला हे विसरून, सरळ १७०० लिहून मोकळे होतात.