सॉफ्टवेअर चोरीला जाऊ नये म्हणून किती खटपट करावी?

तुम्ही लिहिलंय की दुकानांसाठीचं बिलिंग सॉफ्टवेअर तयार आहे, पण लोक फुकटात कॉपी करतील या धास्तीने तीन महिने नुसतं लॉकवरच काम चाललंय. मी म्हणेन, लॉकला दोन दिवस द्या आणि विकायला बाहेर पडा.

मी गावोगावच्या दूध संकलन केंद्रांना सॉफ्टवेअर देतो. सुरुवातीला मीही डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा तुकडा, तो नसेल तर प्रोग्राम चालत नाही) लावला होता आणि वर, मुदत संपल्यावर कोणी तारीख मागे नेऊन वापरू नये म्हणून, तारखेची तपासणी: संगणकाची तारीख मागे गेली की प्रोग्राम बंद. त्यात एकही चोर सापडला नाही. सापडले ते सचिव. डेअरीतल्या जुनाट संगणकाची मदरबोर्डवरची बॅटरी संपली, की चालू करताच तारीख कित्येक वर्षं मागे. मग पहाटे साडेपाचला फोन. दारात किटल्यांची रांग, आणि ज्याने पै न पै चुकती केली त्यालाच माझा प्रोग्राम चोर म्हणतोय! एकदा झाडू मारताना डोंगल तुटला, तर नवा द्यायला पावसात चाळीस किलोमीटर गेलो. (पेट्रोल माझंच.)

आता फक्त एक लायसन्स फाइल देतो. तिच्यात संस्थेचं नाव, गाव आणि त्यावर डिजिटल सही. सही करायची गुप्त किल्ली माझ्याकडे, पडताळायची किल्ली प्रोग्राममध्ये, त्यामुळे खोटी फाइल बनवता येत नाही. जाणकार माणूस ती पडताळणीच काढून टाकू शकतो, हे खरं. प्रोग्राम त्याच्याच मशीनवर चालतो, तिथे आपलं काय चालणार? पण तो तसाही पैसे देणारा नव्हता.

गेमचं गणित निराळं. 2000 साली प्लेस्टेशनवर आलेल्या ‘स्पायरो: इयर ऑफ द ड्रॅगन’ची चोरीची कॉपी खेळता खेळता बिघडत जाई. त्यातलं लॉक पुरतं फोडायला दोनेक महिने लागले, आणि सुरुवातीलाच खपणाऱ्या मालाला तेवढे पुरतात. तुमचं बिलिंग वर्षानुवर्षं विकायचंय.

कायदाही आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63बी नुसार चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरलं तर 7 दिवस ते 3 वर्षं कैद होऊ शकते. पण चार-पाच हजारांच्या मालासाठी वकील कोण लावतो?

माझ्या कामी आलं ते लायसन्स फाइलमधून पावतीवर छापलं जाणारं नाव. मध्यंतरी एका अनोळखी डेअरीतून फोन आला: “साहेब, आमच्या पावतीवर शेजारच्या गावाचं नाव येतंय, सभासद हसतात. तेवढं बदलून द्या की.” दिलं बदलून. पैसे आधी घेतले.