तीन पायांचा पॉट आणि गेलेला एलईडी

प्रश्न: ९ व्होल्टच्या बॅटरीवर लाल एलईडीचा उजेड कमी-जास्त करायला १० केचा (१०,००० ओहमचा) पॉट, म्हणजे नॉब फिरवून रेझिस्टन्स बदलता येणारा पोटेन्शिओमीटर, लावला. कडेचे दोन पाय जोडले तर नॉब कितीही फिरवा, एलईडी आपला मिणमिणताच. मग एक कडेचा आणि मधला पाय जोडून बघितलं, तर बराच वेळ फारसा फरक नाही, आणि अगदी शेवटी भक्कन पेटला नि गेला. पॉट खराब आहे का?

उत्तर: घेतला तेव्हा चांगला असणार, आताचं सांगता येत नाही, त्यावर शेवटी येतो.

पॉटच्या पोटात नालेच्या आकाराची कार्बनची पट्टी असते. कडेचे दोन पाय म्हणजे त्या पट्टीची दोन टोकं, आणि मधला पाय पट्टीवरून सरकणाऱ्या पत्र्याला जोडलेला, त्याला वायपर म्हणतात. म्हणजे कडेच्या दोन पायांत कायम अख्खी पट्टी, १० के, नॉब फिरवून काय होणार? लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, उरले ७, भागिले १०,००० म्हणजे जेमतेम ०.७ मिलिअँपिअर, म्हणून तो मिणमिणत होता.

मधला पाय घेतला की पट्टीचा तुकडाच सर्किटमध्ये राहतो, हे बरोबर केलंत, पण वायपर टोकाला गेला की तुकडा जवळपास शून्य, एलईडीला अडवायला कोणीच नाही! म्हणून सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडून, ४७० ओहमचा साधा रेझिस्टर हवाच, मग नॉब कुठेही असला तरी करंट साधारण १५ मिलिअँपिअरच्या वर जात नाही.

आता एक गोष्ट बरेच जण विसरतात. पॉटवर पाव वॅट म्हटलेलं असतं ते अख्ख्या पट्टीसाठी. १० केच्या पट्टीला त्या हिशोबाने ५ मिलिअँपिअर झेपतात, आणि तुकडा छोटा झाला म्हणून जास्त झेपत नाहीत, उलट सगळी उष्णता त्या छोट्या तुकड्यातच निघते. त्यामुळे पाव वॅटचाच पण १ केचा पॉट घ्या, त्याला १५ पर्यंत चालतात, आणि उजेडही सगळा शेवटच्या टोकाला न बदलता नॉबबरोबर बदलेल. रिकामा राहिलेला तिसरा पाय मधल्या पायाला जोडून टाका, वायपरचा कॉन्टॅक्ट सुटला तरी सर्किट तुटत नाही.

तिन्ही पाय वेगवेगळे वापरायचे ते व्होल्टेज वाटून घ्यायला, म्हणजे कडेला ५ व्होल्ट आणि ग्राउंड दिलं की मधल्या पायावर ० ते ५ मधलं हवं ते मिळतं. व्हॉल्यूमचा नॉब असाच चालतो, आर्डुइनोच्या (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या) व्होल्टेज मोजणाऱ्या अॅनालॉग पिनलाही असंच जोडतात, आणि तिथे तुमचा १० के मस्त चालेल.

म्हणजे वाचला असेल तर. पॉट सर्किटमधून काढा, मीटर ओहमवर ठेवून मधला आणि एक कडेचा पाय धरा आणि नॉब अगदी हळू फिरवा. आकडा सरळ सरकत गेला तर पॉट ठीक, टोकापाशी उड्या मारायला लागला किंवा मीटर एकदम ओपन, म्हणजे जोडणीच तुटलेली, दाखवायला लागला तर तेवढी पट्टी जळली.