निर्जंतुकीकरण म्हणजे नेमकं किती?

प्रश्न असा आला आहे: रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी मराठीत सूचनाफलक करायचे आहेत. इंग्रजी मसुद्यात स्टरिलायझेशन, डिसइन्फेक्शन आणि डिकंटॅमिनेशन असे तीन शब्द आहेत. मराठीत तिन्हींना ‘निर्जंतुकीकरण’ चालेल का? शिवाय बायोसेफ्टी आणि बायोसिक्युरिटी, दोन्हींना ‘जैवसुरक्षा’च म्हणायचं का?

पहिल्याचं उत्तर: चालणार नाही, आणि ही शब्दांची हौस नव्हे. ‘निर्जंतुक’ला कमी-जास्त नसतं. एकही जिवंत जंतू उरता कामा नये, आणि त्यात काही जिवाणूंचे चिवट बीजाणूही (कठीण काळात टिकून राहणारं त्यांचं सुप्त रूप) आले. म्हणून हा शब्द फक्त स्टरिलायझेशनसाठी राखून ठेवावा. हायपोक्लोराइटने (ब्लीचच्या द्रावणाने) टेबल पुसणं किंवा स्पिरिट मारणं म्हणजे डिसइन्फेक्शन, त्याला ‘जंतुनाशन’ म्हणावं. ‘जंतुनाशक’ शब्द बाटल्यांवर छापलेला असतोच, त्यामुळे मावशींनाही तो समजावून सांगावा लागत नाही. स्पिरिटने बीजाणू मरत नाहीत. तेव्हा ‘स्पिरिटने निर्जंतुक करावे’ हे वाक्य मुळातच खोटं आहे. २०२० मध्ये माणसांवर फवारा मारणाऱ्या मांडवांना ‘निर्जंतुकीकरण कक्ष’ म्हणत होते, तेव्हापासून हा शब्द फारच सैल झाला. (कुत्र्यांचं होतं ते निर्बीजीकरण. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, मराठीत सुदैवाने नाही.)

फलकावर नुसतं क्रियापद बदलून मात्र भागत नाही. जंतुनाशनाला प्रमाण आणि वेळ जोडली नाही तर त्याला अर्थ नाही. ‘टेबल हायपोक्लोराइटने निर्जंतुक करावे’ याऐवजी ‘टेबलावर १ टक्का हायपोक्लोराइट पसरून १० मिनिटे ओले राहू द्यावे, मग पुसावे’ असं लिहा. ५ टक्क्यांच्या द्रावणाचे २०० मिलि आणि पाणी ८०० मिलि घेतलं की १ टक्क्याचं एक लिटर होतं. ते रोज ताजं करावं, कारण क्लोरीन उडून जातो. रक्त सांडलं असेल तर आधी कागदाने झाकावं, द्रावण काठाकडून मध्याकडे ओतावं आणि अर्धा तास थांबावं. थेट मध्यभागी ओतलं तर शिंतोडे बाहेर उडतात. रक्तातली प्रथिनं क्लोरीन खाऊन टाकतात, म्हणून घाईने पुसलेलं टेबल दिसायला स्वच्छ असतं, इतकंच. स्पिरिटही ७० टक्क्यांचंच हवं. ९५ टक्क्यांचं लगेच उडून जातं, आणि प्रथिनं नीट बिघडवायला थोडं पाणी लागतंच.

‘निर्जंतुकीकरण’ शोभतो ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्राच्या, फलकावर: १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ ते २० मिनिटं. वेळ मोजायची ती तापमान गाठल्यावर, बटण दाबल्यापासून नव्हे. कल्चरच्या (लॅबमध्ये मुद्दाम वाढवलेल्या जंतूंच्या) कचऱ्याच्या पिशव्या असतील तर ३० ते ६० मिनिटं द्यावीत, पिशवी दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये आणि तिचं तोंड सैल ठेवावं. इथेच बरेचदा फसगत होते. आत हवा अडकली तर काट्यावर १५ पौंड दिसतात, पण तो दाब वाफ आणि हवा दोघांचा मिळून असतो, तापमान १२१ला पोचलेलंच नसतं. पिशवीवर चिकटवायची, तापल्यावर काळ्या रेघा उमटणारी टेपही फक्त ‘उष्णता लागली’ एवढंच सांगते, तिला ‘निर्जंतुकीकरण पट्टी’ म्हणू नका. खरी परीक्षा जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस या उष्णता सोसणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंची. पिशव्यांच्या मधोमध त्या बीजाणूंची कुपी ठेवायची, नंतर ५५ ते ६० अंशांवर उबवायची. नेहमीच्या जांभळ्या कुपीचा रंग पिवळा झाला तर बीजाणू जिवंत आहेत, म्हणजे फेरी फसली.

डिकंटॅमिनेशन हा या दोघांना पोटात घेणारा ढोबळ शब्द आहे: वस्तू हाताळायला सुरक्षित करणं, मग ते कोणत्याही मार्गाने असो. त्याला ‘निर्धोक करणे’ पुरे. ‘कचरा निर्धोक करूनच लॅबबाहेर द्यावा’ हे वाक्य कोणालाही कळतं.

आता जैवसुरक्षा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या बीएसएल-४ प्रयोगशाळेमुळे ‘जैवसुरक्षा स्तर ४’ हा शब्दप्रयोग बातम्यांत रुळला आहे, तेव्हा बायोसेफ्टीला तोच शब्द ठेवा. जंतूंपासून माणसांना जपायचं ते बायोसेफ्टी, आणि माणसांपासून जंतूंना, म्हणजे चोरी किंवा गैरवापर होऊ नये म्हणून, जपायचं ते बायोसिक्युरिटी. दुसऱ्याला ‘जैवसंरक्षण’ सुचवतात, पण ते वाचून अभयारण्य डोळ्यांपुढे येतं. मथळ्यात ‘बायोसिक्युरिटी’च राहू द्या आणि खाली काम लिहा: फ्रीजरची किल्ली कोणाकडे, जंतूंची कुपी काढली-ठेवली की नोंदवहीत सही, एक कुपी कमी भरली तर त्याच दिवशी कोणाला कळवायचं.

आणि ऑटोक्लेव्हच्या फलकावर एक ओळ ठळक घाला: ‘हायपोक्लोराइट घातलेला कचरा यात टाकू नये.’ तापवल्यावर त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि भांड्याचं स्टीलही खातो.