घरी बनवलेल्या बग्गीचे जुने ब्रेक कॅलिपर (पिस्टनने पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारे भाग) गळतायत. नव्या सीलचं किट टाकू की मोठे कॅलिपर बसवू?

आधी गळती नक्की कुठून आहे ते बघा. ब्रेक ऑइलची नळी (होज) जिथे बसते तिथे ओल असेल तर तांब्याचे वॉशर बदला, दहा-वीस रुपयांत काम होतं. डस्ट बूट (पिस्टनवरचं धूळ अडवणारं रबर) उचलल्यावर आत ऑइल साचलेलं दिसलं, तर मात्र पिस्टनचं सील गेलंय.

कॅलिपर उघडून पिस्टनवर नख फिरवा. खड्डा लागला तर नुसत्या किटवर पैसे घालवू नका, पिस्टनही नवा घ्या. पॉलिश पेपरने घासून खड्डा जात नाही, उलट क्रोम उडतं. सील बसवताना बोटाला ताजं ब्रेक ऑइलच लावा. साधं ग्रीस किंवा पेट्रोल लागलं की रबर फुगतं आणि ब्रेक जाम होतो. ही चूक मी स्वतः केलीय. ऑइल प्यायलेले पॅड धुऊन वापरू नका, फेका.

मोठ्या कॅलिपरचा मोह आवरा. ४८ ऐवजी ५४ मिमीचा पिस्टन म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २७ टक्के जास्त; तेवढं ऑइल जुन्या मास्टर सिलिंडरने (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग) ढकलायचं, तर पेडल खोल जाणार. शिवाय पुढचे ब्रेक जास्त जोरात लागून पुढची चाकं आधी लॉक होतील.